नोंद कोणासाठी? इंग्रजी शिकणारी मुलं आणि त्यांची प्रगतिपुस्तकं



आज आम्हाला एका पुस्तकाचं परीक्षण करायचं आहे. महाराष्ट्रात दरवर्षी ते घरोघरी जातं. त्याच्यावर आजवर कुणी समीक्षा लिहिल्याचं आमच्या वाचनात नाही. ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नसतं, त्या घरातही ते असतं, आणि बहुतेक वेळा पालकाची सही होऊन न वाचता परत जातं. ते पुस्तक म्हणजे प्रगतिपुस्तक. त्यातल्या सगळ्या पानांविषयी बोलायला वेळ नाही. आम्ही फक्त इंग्रजीच्या रकान्याविषयी बोलणार आहोत.

आमचा विषय तत्त्वज्ञान. मग आम्ही ह्या भानगडीत कसे पडलो, हे आधी सांगायला हवं.

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी मुलीचं प्रगतिपुस्तक घेऊन आल्या. मुलगी पाचवी पास होऊन सहावीत गेलेली. मावशी म्हणाल्या, "सर, एवढं वाचून सांगा. बाकीचं राहू द्या. पोरीला इंग्लिश येतंय का नाही, तेवढंच सांगा." आम्ही चष्मा लावला. इंग्रजीपुढे श्रेणी होती अ-2. त्याखाली नोंदी होत्या. साध्या सूचना ऐकून कृती करते. कविता तालासुरात म्हणते. परिचित शब्दांचे वाचन करते. शेवटी, इंग्रजी संभाषणात रस घेते.

आम्ही ते दोनदा वाचलं. आणि मित्रहो, पंचाहत्तरीला आलेला, तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट असलेला माणूस मावशींच्या त्या साध्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकला नाही. मुलीला इंग्रजी येतं की नाही, ते त्या पानावर कुठेच नव्हतं. पुढे कळलं की मुलीच्या चुलतभावाच्या पुस्तकातही, तो त्याच वर्गात आहे, ह्याच चार ओळी होत्या. फक्त 'करते'चं 'करतो' झालं होतं.

आता सगळा दोष त्या शिक्षकावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते करायचं नाही. ही नोंद अशी का लिहिली जाते, ते बघायचं आहे.

थोडा इतिहास

मराठवाड्यात भाषेचा प्रश्न कधीच साधा नव्हता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादला 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीला घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि त्याहून वर चढायचं तर इंग्रजी, अशा तीन पायऱ्या होत्या. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ह्याच शहरात महाविद्यालय काढलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. खेड्यातून आलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुलं तिथे आली. 1958 साली विद्यापीठ झालं. ह्या सगळ्या काळात इंग्रजी हा एक दरवाजा होता. कुणासाठी उघडा, कुणासाठी बंद. शहरातल्या वकिलाच्या मुलाला इंग्रजी कितपत येतं हे घरातच कळायचं. शेतमजुराच्या मुलाला ते कळायला शाळेशिवाय दुसरी जागा नव्हती. आजही नाही. म्हणून प्रगतिपुस्तकातली खोटी ओळ सगळ्यांचं सारखं नुकसान करत नाही. ज्याच्या घरात ती ओळ तपासून बघणारं कुणी नाही, त्याचं सगळ्यात जास्त करते.

पुढे 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. पुष्कळ वाद झाले. आम्हीही तेव्हा विरोधात बोललो होतो, ते लपवत नाही. पण निर्णयामागची भावना खरी होती. शहरातल्या मुलांना जे मिळतं ते वाडीवरच्या मुलाला का नको? त्यानंतर 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या 29 व्या कलमात सांगितलं की मुलाच्या आकलनाचं आणि ते वापरण्याच्या क्षमतेचं मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष असावं. त्याच वर्षी 20 ऑगस्टला राज्याचा शासन निर्णय आला. वर्षभर आकारिक मूल्यमापन, सत्राअखेर संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार 70 टक्के, सातवी-आठवीला 40. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं. गुणांऐवजी श्रेणी. आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद.

आम्ही तो शासन निर्णय वाचला आहे. खरं सांगतो, कल्पना म्हणून त्यात फारसं खोट काढण्यासारखं नाही. आणि गंमत बघा, आकारिक आणि संकलित हा भेद इंग्रजीत ज्यानं प्रथम मांडला तो मायकेल स्क्रिव्हन मूळचा तत्त्वज्ञानाचाच माणूस. 1967 सालची गोष्ट. काम चालू असताना ते सुधारण्यासाठी केलेलं मूल्यमापन वेगळं, आणि काम संपल्यावर निवाडा देण्यासाठी केलेलं वेगळं. भाजीचं मीठ फोडणीनंतर चाखणं आणि ताटात वाढल्यावर चाखणं, ह्यात जो फरक आहे तोच. पहिल्यात काहीतरी करता येतं. दुसऱ्यात फक्त बोलता येतं.

मग चुकलं कुठे?

प्रत्यक्ष, अनुमान, शब्द

आपल्या न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं सांगितली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. उपमान आज बाजूला ठेवू. उरलेली तीन वर्गात रोज वापरली जातात, फक्त आपण त्यांना त्या नावानं ओळखत नाही. शिक्षक मुलाला बोलताना ऐकतो, ते प्रत्यक्ष. परीक्षेच्या गुणांवरून मुलाला किती येतं ते ठरवतो, ते अनुमान. आणि प्रगतिपुस्तक वाचून आई जे जाणते, ते शब्दप्रमाण. तिन्हींचे नियम वेगळे, तिन्हींच्या चुका वेगळ्या. आपल्या व्यवस्थेनं ही तिन्ही एका तक्त्यात कोंबली, गोंधळ तिथून सुरू झाला, असं आमचं म्हणणं आहे.

आधी प्रत्यक्ष. भाषा शिकणारं मूल सरळ रेषेत पुढे जात नाही. इंग्रजी शिकणारं मूल आधी 'वेन्ट' म्हणतं, कारण ते ऐकून पाठ झालेलं असतं. काही महिन्यांनी तेच मूल 'गोएड' म्हणायला लागतं. शिक्षक कपाळावर हात मारतो. येत होतं तेही विसरला! पण खरं काय घडलेलं असतं? भूतकाळ कसा करायचा, त्याचा नियम मुलाला सापडलेला असतो. तो नियम ते सगळीकडे लावून बघतं. आपली मराठी मुलंही लहानपणी 'केलं'च्या जागी 'करलं' म्हणतात, तेव्हा आपण कौतुकानं हसतो. इंग्रजीत तेच झालं की लाल रेघ मारतो. पिट कॉर्डर ह्या भाषाशास्त्रज्ञानं शिकणाऱ्यांच्या चुकांच्या महत्त्वावर निबंध लिहिला तोही 1967 मध्येच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की चूक ही मुलाच्या डोक्यात कोणता नियम तयार होतोय त्याची खूण आहे. शिक्षकाला त्यातून कळतं की मूल कुठवर आलं आणि काय बाकी आहे.

आता विचार करा. 'गोएड' म्हणणारं मूल चाचणीत अर्धा गुण गमावतं. तालासुरात कविता म्हणणारं, पण एका शब्दाचाही अर्थ माहीत नसलेलं मूल पूर्ण गुण मिळवतं. वर्षाच्या शेवटी पहिल्याची श्रेणी खाली, दुसऱ्याची वर. प्रगती कुणाची झाली?

हे दिसायला मुलाजवळ बसावं लागतं. दोनशिक्षकी शाळेत, दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एका खोलीत घेऊन बसणाऱ्या गुरुजींना ते किती जमेल? साधा हिशेब करा. वर्गात 40 मुलं, 8 विषय, दोन सत्रं, आणि एका विषयाची सत्रातून एकच नोंद धरली तरी वर्षाला 640 नोंदी झाल्या. प्रत्येकी पाच मिनिटं धरा, 53 तासांच्या वर जातात. आणि हे फक्त लिहिण्याचे. बघण्याचे, ऐकण्याचे तास ह्यात धरलेलेच नाहीत. ज्या कामाला वेळ दिला नाही, पण ज्याचा कागद मात्र मागितला, त्याचा कागदच तयार होतो. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्या मोबाइलवर फिरू लागल्या. मुलगा-मुलगी एवढा फरक केला की झालं. मावशींच्या पोरीच्या चार ओळी तिथल्याच असाव्यात.

आता अनुमान. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे आपलं जुनं उदाहरण. पण नैयायिक फार सावध माणसं. ती विचारायची, तो धूरच आहे ना? की लांबून दिसणारं धुकं? आणि उलट बाजूनं, लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणजे धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही, असंही म्हणता येत नाही. परीक्षेतही हे दोन्ही धोके आहेत. 'माझा आवडता सण' हा इंग्रजी निबंध पाठ करून उतरवला, ते धुकं. आठवडी बाजारात, वेरूळच्या लेण्यांपाशी परदेशी पाहुण्याला हातवारे करत, मोडकंतोडकं बोलत माळा विकणारा पोरगा पेपरात नापास होतो, तो तापलेला गोळा.

ह्या बाबतीत अलीकडचं एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. दहावीच्या भाषा विषयांना 80 गुणांचा लेखी पेपर आणि 20 गुण शाळेकडे, अशी पद्धत होती. तोंडी परीक्षा त्यातच. ती नीट झाली तर भाषेसाठी ह्याहून चांगली गोष्ट नाही, कारण बोलणं हे बोलूनच तपासता येतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मार्च 2019 च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण बंद केले. 2018 चा निकाल 89.41 टक्के होता, 2019 चा आला 77.10. ओरड झाली, गुण परत आले, आणि 2020 चा निकाल 95.30. आता न्यायानं बोलायचं तर 2019 ला अभ्यासक्रमही नवा होता, पेपरची धाटणीही बदलली होती. 2020 ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. तेव्हा सगळा फरक त्या 20 गुणांचा, असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या वर्षी झालेल्या चर्चेत एक गोष्ट आम्हाला खटकली. गुण ठेवायचे की काढायचे, दुसऱ्या बोर्डांच्या मुलांपुढे आपली मुलं अकरावीच्या प्रवेशात मागे पडतात का, ह्यावर सगळे बोलले. तोंडी परीक्षेत मुलाला काय विचारतात, मूल काय बोलतं आणि ते कुठे लिहून ठेवतात का, हा प्रश्न आम्ही ऐकला नाही. गुण परत आले. मुलाचा आवाज परत आला का, कुणास ठाऊक.

आप्त कोण?

आता तिसरं, शब्द. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनांनी आप्त कुणाला म्हणावं हे सांगितलंय. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. अशा माणसाचा शब्द प्रमाण. ह्यात पदवीची अट नाही, जातीची नाही, हुद्द्याची नाही. भाष्यकारांनी तर ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सगळ्यांना हेच लक्षण लागू पडतं असं स्पष्ट केलंय.

ही कसोटी प्रगतिपुस्तकाला लावा. पहिली अट, जाणलं का? चाळीस मुलांची एकच ओळ असेल, तर नाही. दुसरी अट, जसं आहे तसं सांगायची इच्छा आहे का? इथे आणखी एक प्रश्न येतो. सांगायचं कुणाला? आणि इथेच ह्या लेखनप्रकाराचं खरं दुखणं आहे. साहित्याच्या समीक्षेत आपण विचारतो, ह्या पुस्तकाचा वाचक कोण? वर्णनात्मक नोंदीचा वाचक आई नाही, मूल नाही, पुढच्या वर्गाचे गुरुजीही नाहीत. तिचा वाचक आहे शाळा तपासायला येणारा अधिकारी. आणि अधिकारीही ती वाचत नाही. ती आहे का, एवढंच बघतो. ज्या लेखनाला वाचकच नाही त्यात खरं बोलायचं कारण उरत नाही, खोटं बोलायला भीतीही उरत नाही.

ह्यात आम्ही स्वतःला बाजूला काढत नाही. एम.ए.च्या वर्गाला सेमिनार असायचा. एखाद्या इंग्रजी ग्रंथातलं प्रकरण वाचून वर्गापुढे मांडायचं, 20 पैकी गुण आमच्या हातात. एक विद्यार्थी यायचा, बीडकडचा. घरची फार ओढाताण. त्यानं मांडणी केली ती गाइडातून पाठ केलेली होती. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या लक्षात आलं. एक प्रश्न विचारला असता तर त्याच्याही लक्षात आलं असतं. आम्ही विचारला नाही. पोरगा कष्टाळू आहे, कशाला दुखवायचं, म्हणून 16 गुण लिहिले आणि स्वतःला दयाळू समजलो. चारेक वर्षांनी तो भेटला. नेटची परीक्षा तीनदा देऊन झाली होती. काही तक्रार करायला आला नव्हता. सहज म्हणाला, "सर, तुम्ही सोळा दिले तेव्हा मला वाटलं, आपल्याला इंग्रजी ग्रंथ वाचता येतो."

मित्रहो, आमची नोंद विद्यापीठानं वाचली नव्हती. कुठल्या अधिकाऱ्यानं वाचली नव्हती. एकाच माणसानं ती वाचली आणि खरी मानली. तो माणूस म्हणजे ज्याच्याविषयी ती होती तो. तेव्हापासून आम्ही असं मानतो की खोट्या नोंदीनं वरचे फसत नाहीत, त्यांना सगळं माहीत असतं. फसतं ते मूल. कारण तेच एक शिक्षकाला आप्त समजतं.

मग करायचं काय?

टीका करून निघून जाणं आम्हाला पटत नाही. म्हणून तीन-चार गोष्टी सांगतो. ह्यात नवं काही नाही.

एक. जी नोंद वाचून आई-बाप काहीही करू शकत नाहीत, पुढचा शिक्षक काहीही करू शकत नाही, ती लिहूच नये. 'रस घेते' ही नोंद नाही. आमच्या मते इंग्रजीच्या नोंदीत तीन गोष्टी हव्यात. तारीख, मुलाचं स्वतःचं वाक्य जसं बोललं तसं, आणि पुढचं एक पाऊल. उदाहरणार्थ, एखादं मूल म्हणालं, 'माय ब्रदर नो कम, ही फीवर.' नोंद अशी: भाऊ का आला नाही ते स्वतःहून सांगितलं, कारणासकट सांगितलं. नकार 'नो' लावून करतो, 'डिड नॉट' अजून नाही. पुढे 'काल काय केलं नाही' ह्यावर रोज दोन वाक्यं बोलून घ्यायची. चार ओळींत मूल डोळ्यांपुढे उभं राहतं. सहा महिन्यांनी त्याच मुलाचं दुसरं वाक्य त्याखाली लिहा. दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजे प्रगती. त्याला श्रेणी लागत नाही.

रोज चारच मुलं ऐकायची ठरवली तर 36 मुलांचा वर्ग शाळेच्या नऊ दिवसांत पूर्ण होतो. एक साधी वही, मुलाला एक पान.

दोन. सोप्या साधनाला कमी लेखू नये. 'प्रथम' ही संस्था 2005 पासून 'असर'ची पाहणी करते. मुलाला एक कागद देतात. इंग्रजीच्या कागदावर मोठी लिपी, छोटी लिपी, सोपे शब्द, सोपी वाक्यं. एकेका मुलाला घरी बसवून वाचून घेतात, आणि शब्द किंवा वाक्य वाचलं तर अर्थही विचारतात. ह्या पाहणीवर आक्षेप आहेत, ती वाचण्यापुरतीच आहे, बोलणं-ऐकणं त्यात येत नाही, हे खरंच. पण तिची एक थोरवी आहे. ती अंगणात होते, आजूबाजूच्यांसमोर होते. शाळेत न गेलेल्या आईलाही दिसतं की पोरगं अक्षरापाशी थांबलं की वाक्यापर्यंत गेलं. मावशींच्या प्रश्नाला तो कागद उत्तर देतो. आमचं छापील प्रगतिपुस्तक देत नाही.

तीन. नोंद मुलाची असावी. युरोपच्या परिषदेनं 2001 मध्ये भाषा-प्रावीण्याच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. त्या पायऱ्या 'मला अमुक करता येतं' अशा वाक्यांत आहेत. त्यासोबत भाषेची एक संचिका आली. तिच्यात भाषांचा परवाना, भाषा शिकण्याचा स्वतःचा वृत्तांत आणि स्वतःच्या कामाचे नमुने. तिचा नियम असा की ती शिकणाऱ्याच्या मालकीची. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणातही समग्र प्रगती पत्रक आहे, त्यात मुलानं स्वतःविषयी आणि मित्रांनी मुलाविषयी सांगायला जागा आहे. कल्पना उत्तम. पण 2010 चीही उत्तमच होती. ह्या पत्रकाचे रकानेही कुठून तरी उतरवून भरायला लागले, तर पत्रक बदलेल, मूल तिथेच राहील.

चार. आणि ही आपल्या मराठवाड्याची गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर मूल पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातं, उन्हाळ्यात परत येतं. त्याच्या शिकण्याचे दोन तुकडे होतात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची कल्पना आली, की मूल जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं. कार्ड दाखवून बाकावर जागा मिळेल. पण त्या परक्या शाळेतल्या बाईंना ह्या मुलाला इंग्रजी कुठून शिकवायचं हे कसं कळणार? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, आणि 'अभ्यासातील प्रगती' ह्या रकान्यात एकच शब्द असतो, 'चांगली' किंवा 'समाधानकारक'. ज्या मुलाला नोंदीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या हाती एक शब्द. त्याच्या दप्तरात वहीचं ते एक पान असतं, त्याच्या दोन वाक्यांसकट, तर नव्या बाईंचा एक महिना वाचला असता. मुलाचा तर वाचलाच असता.

शेवटी मावशींच्या मुलीविषयी. आम्ही तिला एके दिवशी दुपारी बोलावलं. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचायला दिली, ती अडखळत वाचली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं एक वाक्य दिलं, शब्द वाचले, अर्थ लागला नाही. मग सांगितलं, तुझ्या घरात कोण कोण आहे ते इंग्रजीत सांग. ती थांबली, आणि मग एकदम सात-आठ वाक्यं बोलली. सगळी चुकलेली, सगळी समजणारी. आम्ही अर्ध्या पानावर लिहिलं. बोलायला भीती वाटत नाही, ही मोठी गोष्ट. सोपे शब्द वाचते, वाक्याचा अर्थ लागत नाही. रोज एक छोटी गोष्ट मोठ्यानं वाचून मराठीत सांगायची, दिवाळीला परत बघू. खाली तारीख टाकली. मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे येतंय थोडं. अन् काय येत नाही तेबी कळलं." तो कागद त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला. प्रगतिपुस्तक टेबलावरच विसरून गेल्या.

प्रश्नोत्तरांतून

*एका शिक्षिका भगिनींनी विचारलं: सर, तुम्ही वही सांगितली. पण आम्हाला आधीच माहिती भरायची इतकी कामं आहेत. नियतकालिक चाचणीचे गुण मोबाइलवर भरा, वरून फोन येतात. ह्यात ही आणखी एक वही?*

बाई, तुमचं बरोबर आहे. आम्ही आणखी एक वही सांगत नाही, एकीच्या जागी दुसरी सांगतोय. 640 नोंदी बंद करा आणि त्या वेळात चार मुलं ऐका, असं म्हणतोय. आणि हे बंद करणं तुमच्या हातात नाही, हेही कळतं. म्हणून आमचं भाषण तुमच्यापेक्षा तपासायला येणाऱ्यांसाठी जास्त आहे. त्यांनी शाळेत येऊन रजिस्टर मागण्याऐवजी एवढंच विचारावं, ह्या वर्गातल्या कुठल्याही एका मुलाविषयी मला दोन मिनिटं सांगा. ज्या शिक्षकाला सांगता येईल त्याच्या नोंदी तपासायची गरज नाही. ज्याला येणार नाही त्याच्या नोंदी तपासून उपयोग नाही.

*एक पालक: म्हणजे गुण द्यायचेच नाहीत का? मुलांना ईर्षा कशी राहणार?*

निवाड्याची वेळ येते तेव्हा गुण लागतात, दहावी-बारावीला लागतील. पाचवी आणि आठवीला राज्यानं पुन्हा वार्षिक परीक्षा आणली, त्यालाही आमचा सरसकट विरोध नाही. पण शिकणं चालू असताना काय होतं ते बघा. 1988 साली रूथ बटलर ह्या संशोधिकेनं इस्रायलमधल्या शाळेतल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली सुधारली नाहीत. का? आपल्या घरी अनुभव घ्या. गुण दिसले की शेरा कोण वाचतो? तुम्ही तरी वाचता का?

*एक तरुण श्रोता: सर, आता एआयला सांगितलं तर प्रत्येक मुलाची वेगळी नोंद लिहून देतं. मग सगळ्यांची एकच ओळ, ही तुमची तक्रार संपली ना?*

ओळी वेगवेगळ्या होतील, तेवढी तक्रार संपेल. पण आप्ताच्या दोन अटी होत्या. बघितलं पाहिजे आणि जसं बघितलं तसं सांगावंसं वाटलं पाहिजे. मुलाचं वाक्य तुम्ही ऐकलं असेल आणि ते नीट लिहायला यंत्राची मदत घेतलीत, तर आमची काही हरकत नाही. ऐकलंच नसेल, तर त्या चाळीस वेगवेगळ्या नोंदी जुन्या एका नोंदीपेक्षा वाईट. जुनी नोंद नकली आहे हे निदान दोन पुस्तकं शेजारी ठेवली की कळत तरी होतं.

वेळ झाला. दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा येणार आहे. ह्या वेळी काय लिहावं लागेल ते आम्हाला माहीत नाही. तिला ऐकल्यावरच कळेल.